मूळ गाव कोणतं?

गेल्या शनिवारी त्र्यंबकला होतो. कागदोपत्री त्र्यंबकेश्वर, पण आमच्या घरात सगळे त्र्यंबकच म्हणतात. आईचं माहेर तिथलं. बाबांचं एक राहिलेलं धार्मिक कार्य होतं, म्हणून शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर बाबांना गाडीत घातलं आणि निघालो. नारायणगावला चहा, नाशिकला ट्रॅफिक, आणि मध्यरात्री मामाच्या दारात. आषाढातला पाऊस धो धो पडत होता. सकाळी उठून बघतो तर ब्रह्मगिरी गायब. नुसता ढग.

सकाळी बाबांबरोबर गुरुजींच्या घरी गेलो. त्र्यंबकला ज्यांचं जाणं-येणं आहे त्यांना हा प्रकार माहीत असेल. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान् पिढ्यांच्या वह्या असतात. यात्रेकरू आला की त्याचं नाव, वडिलांचं नाव, बरोबर कोण आलं, सगळं लिहून घ्यायचं आणि खाली सही. आपण विसरलो तरी वही विसरत नाही. (बॅकअप पॉलिसी म्हणजे काय ते यांच्याकडून शिकावं.)

गुरुजींनी विचारलं, "आडनाव? गाव?"

बाबांनी आडनाव सांगितलं आणि म्हणाले, "पुणे."

गुरुजींनी एक वही काढली, पानं उलटली, दुसरी काढली. मग मान हलवली. "इथे दिसत नाहीत तुम्ही."

बाबांचा चेहरा एकदम पडला. सत्तरीकडे झुकलेला माणूस, पण शाळेच्या हजेरीत नाव न सापडलेल्या मुलासारखा दिसायला लागला. आम्ही उठायच्या तयारीत, तेवढ्यात गुरुजींनी विचारलं, "मूळ गाव कोणतं तुमचं?"

"तसं सिन्नरकडचं. पण माझे वडीलच गाव सोडून पुण्याला आले."

"हां, मग असं सांगा ना. वही गावाची असते. तुम्ही निघून गेलात, वही तिथेच आहे."

पाच मिनिटांत पान सापडलं. शके १८४३, म्हणजे १९२१च्या आसपास. माझ्या पणजोबांची मोडीतली सही. बाबांना मोडी वाचता येत नाही, मला तर नाहीच नाही. तरी बाबा त्या सहीवर बोट ठेवून बराच वेळ बसून राहिले. मी खिडकीतून पाऊस बघत बसलो.

आता मुख्य गोष्ट. जेवणं झाल्यावर मी आडवा होणार तेवढ्यात मामी म्हणाली, "अरे, हिचं जरा बघतोस का? तीन आठवडे झाले, कॉम्प्युटरसमोर बसते आणि रडकुंडीला येऊन उठते."

'ही' म्हणजे माझी धाकटी मामेबहीण. नाशिकच्या एका कॉलेजात भूगोल घेऊन एम.ए. करते, दुसरं वर्ष. रोज त्र्यंबक-नाशिक जाऊन येऊन. प्रकल्पाचा विषय तिने स्वतः निवडलाय: त्र्यंबक तालुक्यात एवढा पाऊस पडतो, तरी एप्रिल-मे महिन्यांत वाड्या-पाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन पाण्यासाठी का फिरतात? विषय ऐकूनच मी सावरून बसलो. आराखडा सोमवारी द्यायचा होता. आणि बाईसाहेबांनी ठरवलं होतं की विषय बदलायचा.

"का गं?"

"वाचायला काही मिळतच नाही दादा. तीन पेपर हवेत, तिन्ही बंद. ते आपल्यासाठी नसतातच."

ते 'आपल्यासाठी नसतातच' मला टोचलं. म्हटलं, दाखव.

मामाचा कॉम्प्युटर म्हणजे पुराणवस्तू. चालू केला, ब्राउझर उघडला, आणि प्रत्येक साइट बोंबलायला लागली: ही जोडणी सुरक्षित नाही. बँक सुरक्षित नाही, कॉलेज सुरक्षित नाही, गूगलसुद्धा नाही! दोन मिनिटं मी चक्रावलो, मग कोपऱ्यातल्या घड्याळाकडे नजर गेली. १ जानेवारी २०१०. मदरबोर्डवर बटणासारखा एक सेल असतो, वीज गेल्यावरही घड्याळ चालू ठेवणारा. तो कधीच मेला होता. सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्रावर 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. कॉम्प्युटर २०१० सालात बसलेला असेल तर त्याच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नसतं. तारीख दुरुस्त केली, सगळं शांत. मामा म्हणाले, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच." कॉलर ताठ वगैरे.

ती फार वेळ टिकली नाही.

पुढचा टप्पा. ती पेपरचं नाव गूगलमध्ये टाकायची, पहिल्या लिंकवर टिचकी मारायची आणि थेट प्रकाशकाच्या दारात जाऊन उभी राहायची. तिथे पाटी: हा लेख विकत घ्या. तीस-चाळीस डॉलर. म्हणजे एका लेखाचे तीन हजार रुपये, आणि लेख तीन. मामाचं पूजेच्या साहित्याचं दुकान आहे. तीन हजार म्हणजे काय हे त्या घरात सगळ्यांना नीट कळतं.

इथे थोडं थांबून हे प्रकरण आतून कसं चालतं ते सांगतो, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना (मलाही आत्तापर्यंत) ते धड माहीत नसतं.

प्रकाशक तुम्हाला ओळखत नाही. तो ओळखतो तुमच्या संस्थेला. संस्थेच्या आवारात असाल तर तिथल्या नेटवर्कच्या आयपी पत्त्यावरून ओळख पटते. घरी असाल तर संस्थेच्या वतीने कुणीतरी मध्ये लागतो. हा मधला माणूस म्हणजे बहुतेक ठिकाणी एक प्रॉक्सी सर्व्हर. तुम्ही आधी त्याच्याकडे लॉगिन करायचं, मग तो तुमच्या वतीने आत जातो, लेख आणतो आणि तुमच्या हातात देतो. पत्त्याच्या पट्टीत नीट बघितलं तर प्रकाशकाच्या नावाला मधल्या माणसाचं शेपूट जोडलेलं दिसतं. ते शेपूट आहे तोवर तुम्ही 'आतले'. नवीन टॅब उघडून गूगलवरून परत गेलात की शेपूट गळालं, तुम्ही परत रस्त्यावर.

म्हणजे पहिला नियम: गूगलच्या दारातून जायचं नाही, ग्रंथालयाच्या दारातून जायचं. आत गेल्यावर तिथल्या शोधपेटीत पेपरचं नाव टाकायचं.

आणि हे दार आहे, बरं का. गांधीनगरला इन्फ्लिबनेट नावाची संस्था आहे. १९९१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने सुरू केलेली. तिने २०१० साली 'एन-लिस्ट' नावाची योजना आणली, खास कॉलेजांसाठी. कॉलेजने वर्षाला काही हजार रुपये भरायचे आणि विद्यार्थ्यांना सहा हजारांवर ई-नियतकालिकं आणि लाखभराहून जास्त ई-पुस्तकं वाचायला मिळणार. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'एक देश, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं. जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. ती केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी. धाकटीचं कॉलेज खासगी संस्थेचं, त्यामुळे तिला जुनाच रस्ता. काही कॉलेजं विद्यार्थ्यांना थेट एन-लिस्टचं खातं देतात, काही स्वतःचं पोर्टल मध्ये ठेवतात. हिच्या कॉलेजचं पोर्टल होतं.

"मग लॉगिन कर की."

"होत नाही ना! तेच तर."

खरंच होत नव्हतं. 'युजर आयडी किंवा पासवर्ड चुकीचा आहे.' मग माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. कॅश साफ केली. दुसरा ब्राउझर लावला. कुकीज चालू आहेत का बघितलं. मोबाइलवरून बघितलं. कॅपिटल अक्षरं, मोकळी जागा, सगळं तपासलं. तासभर गेला. शेवटी 'पासवर्ड विसरलात?' दाबलं, तर उत्तर आलं:

'या ईमेलवर खाते असल्यास, पासवर्ड बदलण्याची लिंक पाठवली आहे.'

"हे मी रोज बघते," धाकटी म्हणाली. "मेल कधीच येत नाही. मला वाटतं माझी कनेक्टिव्हिटीच खराब आहे. पाऊस पडला की रेंज जाते आमच्याकडे."

मंडळी, ते वाक्य मी ओळखलं. ओळखणारच, कारण असंच वाक्य मी स्वतः लिहिलेलं आहे. दोन वर्षांपूर्वी, एका वेगळ्याच प्रोजेक्टमध्ये. त्यातला 'असल्यास' मुद्दाम घालतात. एखादा चोर हजार ईमेल टाकून कुणाची खाती आहेत ते शोधत असेल, तर त्याला 'आहे' किंवा 'नाही' असं सांगायचं नाही. सुरक्षेच्या दृष्टीने बरोबरच आहे. रिव्ह्यूमध्ये मला त्याबद्दल शाबासकीही मिळाली होती.

पण चोराला जे कळू द्यायचं नाही, ते या पोरीलाही कळलं नाही. त्या 'असल्यास'मध्ये तिचे तीन आठवडे गेले. आणि तिने त्याचा अर्थ लावला तो काय? की दोष आपला. आपल्या गावाचा, आपल्या रेंजचा, आपल्या इंग्रजीचा.

आणि मला सकाळचे गुरुजी आठवले. "इथे दिसत नाहीत तुम्ही" एवढं म्हणून ते थांबले असते, तर आम्ही उठून निघून आलो असतो. बाबांनी आयुष्यभर मनात धरलं असतं की आपली नोंद नाही. नोंद होती. फक्त दुसऱ्या नावाने लावलेली होती. गुरुजींनी दुसरा प्रश्न विचारला, पोर्टल विचारत नाही. एवढाच फरक.

म्हणून म्हटलं, आता आपणच दुसरा प्रश्न विचारू. "खातं कुणी उघडलं तुझं? कशावरून?"

"जूनमध्ये ग्रंथालयाने फॉर्म पाठवला होता. तो भरला. बाकीच्यांना लगेच मेल आली."

"आणि तुला?"

"नाही आली."

"मग मॅडमना सांगितलंस?"

गप्प. मग म्हणाली, "काय सांगणार? सगळ्यांचं चालतंय, माझंच चालत नाही, असं?"

ग्रंथपाल मॅडमचा नंबर होता तिच्याकडे. पण शनिवारी संध्याकाळी मॅडमना कसा मेसेज करायचा, यावर अर्धा तास घोळ. शेवटी मामीने दरडावलं तेव्हा केला. दहा मिनिटांत उत्तर:

'तुझा ईमेल यादीत जीमेल डॉट कॉन असा आहे. शेवटचं अक्षर बघ. दुरुस्त केलाय. आता कर. आणि तीन आठवडे का थांबलीस गं?'

डॉट कॉन! एक अक्षर. तिनेच घाईत, बसमध्ये, मोबाइलवर फॉर्म भरताना टाकलेलं. स्वागताची मेल, पासवर्ड, बदलण्याची लिंक, सगळं कुठल्यातरी अस्तित्वात नसलेल्या पत्त्यावर. आणि ती रोज खरा पत्ता टाकत होती, ज्या पत्त्यावर खातं नव्हतंच. मूळ गाव सिन्नर आणि आपण सांगतोय पुणे.

पाच मिनिटांत ती आत होती. खोलीत एकदम शांतता. पहिला पेपर उघडला आणि तिने हळूच पान खाली सरकवून बघितलं, खरंच शेवटपर्यंत आहे ना म्हणून.

दुसराही मिळाला. तो उघडताना खिडकी येऊन गायब व्हायची, कारण ब्राउझर पॉप-अप अडवत होता. पोर्टलपुरती परवानगी दिल्यावर चालला. तिसरा मात्र खरंच नव्हता. त्या नियतकालिकाचे ते अंक वर्गणीत येत नव्हते. असंही असतं. अशा वेळी काय करायचं ते दोघांनी मिळून शोधलं. पेपरच्या लेखकाने आपल्या विद्यापीठाच्या पानावर प्रत ठेवलीय का बघायचं. नसेल तर त्याला सरळ मेल टाकायची. लेखक स्वतःहून प्रत देतात, त्यांना त्या तीस-चाळीस डॉलरमधलं काही मिळत नसतं. धाकटीने चार ओळींची मेल लिहिली. अजून उत्तर आलेलं नाही. बघू.

'एवढं कशाला, ती फुकट साइट आहे की' असं तुमच्यातले काही म्हणतील. माहितीय. साय-हबवर दिल्ली उच्च न्यायालयात २०२० साली प्रकाशकांनी दावा लावला आणि २०२५ मध्ये ती भारतात बंद करण्याचे आदेश झाले. त्या वादात आज शिरत नाही. माझं म्हणणं एवढंच, की हिच्यासाठी हक्काचं दार होतं, पैसे भरलेले होते, आणि तरी ती बाहेर उभी होती.

रात्री जेवणानंतर मी तिला शोधगंगा दाखवली. भारतातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध तिथे आहेत, वाचायला खातंबितं काही लागत नाही. 'गोदावरी', 'पाणलोट', 'नाशिक' असं एकेक टाकत गेली आणि प्रबंध निघत गेले. मामा मागे उभे राहून बघत होते. त्र्यंबकला गोदावरीला गंगाच म्हणतात. ते म्हणाले, "नाव बरोबर ठेवलंय. उगम इथला आणि आम्हालाच माहीत नाही." मग १८८३ सालचं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर काढलं. तेही नेटवर मोफत आहे. त्यात त्र्यंबक सापडल्यावर मामा खुर्ची ओढून बसलेच. साडेअकरा वाजता मामीने दिवा घालवला तेव्हा उठले.

रविवारी दुपारी तिचा आराखडा तयार झाला. विषय तोच.

खरी गंमत, किंवा गंमत नाही, बुधवारी कळली. मॅडमनी सोमवारी पूर्ण यादी तपासली. आणखी चौघांचे ईमेल चुकलेले. एक मुलगी हरसूलकडची, धाकटीचीच मैत्रीण. तिचं कुणी विचारलंच नव्हतं आणि तिनेही कुणाला विचारलं नव्हतं. तिने तर विषय बदलूनही टाकला होता. ऐकून मला वाईट वाटलं. एका बाजूला सहा हजार कोटी, हजारो नियतकालिकं, आणि दुसऱ्या बाजूला एक अक्षर. त्या अक्षरापाशी अडलेला माणूस तक्रार करत नाही हो. तो गुपचूप परत जातो. आपल्या डॅशबोर्डवर तो दिसतच नाही, कारण त्याने लॉगिनच केलेलं नसतं.

तर सोमवारी ऑफिसात गेल्यावर मी माझं जुनं वाक्य उघडलं. 'असल्यास' काढला नाही, तो हवाच. त्याखाली दोन ओळी वाढवल्या: 'पंधरा मिनिटांत मेल न आल्यास, नोंदणी करताना दिलेला पत्ता वेगळा किंवा चुकलेला असू शकतो. या क्रमांकावर फोन करा, आम्ही तपासून सांगू.' चोराला यातून काहीच कळत नाही. अडलेल्याला मात्र कळतं की दोष आपल्यातच आहे असं नाही, आणि पलीकडे माणूस आहे.

टेस्टरने विचारलं, ही रिक्वायरमेंट कुठून आली?

म्हटलं, त्र्यंबकहून.

तुमच्या घरात कुणी कॉलेजात असेल तर आज एकदा विचारा, ग्रंथालयाचं लॉगिन चालतंय का. 'हो' म्हणाले तर उघडून दाखव म्हणावं. :-)

असो. बाबांनी पणजोबांच्या सहीचा फोटो काढलाय. आता मोडी शिकणार म्हणतात. त्यांच्यासाठी मोडीची पुस्तकं कुठे मिळतात ते धाकटीच शोधून देणार आहे.

भेटू पुढच्या शनिवारी.